सतराशे चाळीसची दरी

या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो नाही, लखनौला गेलो. जूनमध्ये बाबांची बदली तिकडे झाली आणि बऱ्याच वर्षांनी फॅमिली क्वार्टर मिळाले, म्हणून आई आणि धाकटी बहीणही आता तिथेच आहेत. पुष्पक एक्सप्रेसमध्ये एक दिवस आणि एक रात्र काढून मी पोहोचलो. लखनौ म्हटले की वर्गातली मुले बिर्याणी आणि भुलभुलैया विचारतात. दोन्ही झाले. पण मी लिहिणार आहे ते आमच्या क्वार्टरमधल्या जेवणाच्या टेबलावर ठेवलेल्या तीन कागदांबद्दल. विषय रसायनशास्त्राचा आहे आणि दहावीच्या पुस्तकात तो नाही, तरी कंटाळू नका.

आमच्या ओळखीची एक मराठी ताई लखनौमध्येच एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करते. हॉस्टेलच्या मेसला कंटाळली की ती आईच्या हातचे खायला येते. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तिच्या पिशवीत फाइल होती. मी नको तितके प्रश्न विचारतो हे तिला माहीत आहे. तिने तीन कागद काढून ओळीने मांडले. प्रत्येकावर एकच वेडीवाकडी रेघ होती. वरून चाललेली सरळ रेघ मध्येच खाली कोसळायची आणि पुन्हा वर यायची. खाली डावीकडे ४००० आणि उजवीकडे ४०० असे आकडे. मला तो डोंगररांगेचा उभा छेद वाटला, मॅप रीडिंगच्या तासाला आपण काढतो तसा.

"या दऱ्या आहेत," ताई म्हणाली. "प्रत्येक दरी म्हणजे रेणूतला एक बंध. कुठली दरी कुठे गेली ते मला सांग."

आता बंध म्हणजे दोन अणूंना धरून ठेवणारी काडी, असेच आपण वहीत काढतो. ती काडी नाहीच, असे ताईने आधी सांगितले. ती स्प्रिंग आहे. अणू जागेवर स्वस्थ बसत नाहीत. जवळ येतात, लांब जातात, पुन्हा जवळ येतात. बंध ताणला जातो आणि आखडतो, याला ताणाचे कंपन म्हणायचे. वाकण्याचीही कंपने असतात, पण ती बाजूला ठेवू.

हे नुसते ऐकून पटले नसते. बाबांचा जुना चेस्ट एक्स्पांडर कपाटावर पडला होता. ताईने त्याच्या चार स्प्रिंगा काढून एकच ठेवली, दारातल्या पुल-अपच्या दांड्याला तो अडकवला आणि खाली बाबांचे पाच किलोचे डंबेल टांगले. थोडे ओढून सोडले. मी घड्याळ लावले. वीस झोक्यांना बावीस सेकंद. मग दोन स्प्रिंगा लावून तेच डंबेल टांगले. वीस झोक्यांना सोळा सेकंद. स्प्रिंग दुप्पट कडक झाली पण झोके दुप्पट जलद झाले नाहीत, साधारण एक पूर्णांक चार पट झाले. दोनचे वर्गमूळ! पुन्हा एकच स्प्रिंग ठेवून अडीच किलोचे डंबेल लावले तर परत सोळाच सेकंद. म्हणजे स्प्रिंग कडक तर कंपन जलद, वजन हलके तरी कंपन जलद. आई मागून म्हणाली, "दाराची चौकट काढू नका म्हणजे झालं."

रेणूचेही असेच आहे. कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यात एकेरी बंध असेल तर त्याची दरी अकराशेच्या आसपास दिसते. तेच दोन अणू दुहेरी बंधाने जोडले की दरी सतराशेच्या आसपास सरकते, कारण स्प्रिंग दुप्पटीहून थोडी जास्तच कडक झाली. हायड्रोजन तर सगळ्यात हलका अणू, म्हणून कार्बन-हायड्रोजनची दरी पार २९०० ला आणि ऑक्सिजन-हायड्रोजनची ३२०० ते ३६०० मध्ये. हे आकडे म्हणजे एका सेंटीमीटरमध्ये प्रकाशाच्या किती लाटा मावतात ती संख्या. सतराशे चाळीस लाटा मावत असतील तर तो बंध सेकंदाला सुमारे ५२ लाख कोटी वेळा हलतो. हा गुणाकार मी दोनदा तपासला.

मग दरी का पडते? इथे मला ड्रिलच्या उस्तादांनी सांगितलेली गोष्ट आठवली. झुलत्या पुलावरून जाताना पलटण पाय मिळवून चालत नाही, कारण पावलांचा ठेका आणि पुलाचा ठेका जुळला तर पूल हिंदकळू लागतो. यंत्र पदार्थावर अवरक्त किरण टाकते. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. तांबड्या रंगाच्या पलीकडे ते आहेत हे विल्यम हर्शेलने १८०० साली साध्या थर्मामीटरने शोधले. ज्या किरणाचा ठेका बंधाच्या ठेक्याशी जुळतो तो किरण बंध गिळतो आणि जोरात हलू लागतो. तेवढा किरण पलीकडे पोहोचत नाही. कागदावर तिथे दरी.

एक अट मात्र आहे. बंधाच्या दोन टोकांना विजेचा भार कमी-जास्त असला पाहिजे, नाहीतर प्रकाशाला पकडायला काही मिळत नाही. हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन दोन सारख्या अणूंचे, म्हणून या यंत्राला ते दिसतच नाहीत. पण आपला उच्छ्वास दिसतो! कार्बन डायऑक्साइडच्या रेणूत एक ऑक्सिजन जवळ येतो तेव्हा दुसरा लांब जातो, आणि त्या कंपनाची दरी २३५० जवळ पडते. ताई म्हणाली, यंत्राचे झाकण उघडे असताना कोणी जवळ मोठ्याने बोलले तरी कागदावर त्याची खूण येते. म्हणून आधी रिकाम्या यंत्राचे वाचन घ्यायचे आणि ते नंतर वजा करायचे. (कॅडेट मित्रांसाठी एक गोष्ट: थर्मल कॅमेरे ३ ते ५ आणि ८ ते १४ मायक्रॉन या दोनच पट्ट्यांत का चालतात, याचेही कारण हेच. मधला भाग हवेतली पाण्याची वाफ गिळते. कार्बन डायऑक्साइड तर पहिल्या पट्टीतूनही एक तुकडा खातो.)

"चल, आता कागद वाच," ताई म्हणाली.

पहिल्या कागदावर सतराशे चाळीसला एक खोल, अरुंद दरी होती. इतकी ठसठशीत की बहिणीनेही तिच्यावर बोट ठेवले. मी म्हणालो, "कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध." बरोबर. ३४०० कडे काही नव्हते. दुसऱ्या कागदावर सतराशे चाळीसची दरी गायब! त्या जागी सरळ रेघ. पण डावीकडे ३४०० जवळ एक रुंद, पसरट खड्डा आला होता, ऑक्सिजन-हायड्रोजनचा. तिसऱ्यावर तो पसरट खड्डाही नव्हता, सतराशे चाळीसही नव्हती, आणि २९०० जवळच्या दऱ्या वाढल्या होत्या. म्हणजे पहिल्या पदार्थातला दुहेरी बंध मोडून त्याचा ओ-एच झाला, आणि मग त्या ओ-एचच्या हायड्रोजनच्या जागी कार्बनची छोटी शेपूट जोडली गेली. कुठलाही रेणू न पाहता मी हे तीन रेघांवरून सांगितले. मला स्वतःचा जरा अभिमान वाटला, हे कबूल करतो.

"पहिला आर्टेमिसिनिन," ताई म्हणाली. "दुसरा डायहायड्रोआर्टेमिसिनिन. तिसरा आर्टीथर. मलेरियाचं औषध. हे आपल्या लखनौचं आहे."

तिने फाइलमधून एक कागदाची पुडी काढली. आत वाळलेला, बडीशेपेच्या पानासारखा बारीक पाला होता. आईने तो चुरगाळून हुंगला आणि म्हणाली, "दवणा गं हा." जोतिबाला चैत्रात वाहतात तो आमचा दवणा. ताई हसली. दवणा नव्हे, पण दवण्याचा चुलतभाऊ. दोघेही आर्टेमिसिया कुळातले. हा आर्टेमिसिया अ‍ॅन्युआ, चीनमधला.

त्याची गोष्टही सैनिकांपासूनच सुरू होते. व्हिएतनामच्या युद्धात गोळीइतकाच मलेरियानेही सैनिकांचा घात केला. २३ मे १९६७ रोजी चीनने त्यावर औषध शोधण्याची एक गुप्त मोहीम काढली आणि तारखेवरूनच तिचे नाव ५२३ ठेवले. थू योयो या संशोधिकेने जुन्या वैद्यकाचे ग्रंथ चाळले आणि हा पाला न उकळता ईथरमध्ये काढला, कारण उष्णतेने त्याचा गुण जात होता. ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाचा अर्क पूर्ण यशस्वी ठरला. २०१५ साली त्यांना नोबेल मिळाले. मला त्यातली १९७३ ची गोष्ट आवडली. आर्टेमिसिनिनमध्ये खरोखरच कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध आहे का, हे पक्के करण्यासाठी त्यांनी तो बंध मुद्दाम मोडून पाहिला, आणि हातात आला तो डायहायड्रोआर्टेमिसिनिन, आधीपेक्षा जास्त प्रभावी. म्हणजे आमच्या टेबलावरचा दुसरा कागद एका तपासणीतून जन्मला होता.

मूळ आर्टेमिसिनिन पाण्यात नीट विरघळत नाही आणि तेलातही नाही. जो रोगी शुद्धीवर नाही त्याला गोळी कशी देणार? सुई द्यायची तर औषध कशात तरी विरघळायला हवे. म्हणून ती कार्बनची शेपूट. शेपटीमुळे आर्टीथर तेलात विरघळते, आणि ते तेल कोणते तर शेंगदाण्याचे! भारतात हे आर्टीथर लखनौच्या सेंट्रल ड्रग रिसर्च इन्स्टिट्यूटने तयार केले; झाडाच्या लागवडीचे काम याच शहरातल्या सीमॅपने केले. ड्रग इन्स्टिट्यूट आता जानकीपुरम विस्तारात आहे, पण १७ फेब्रुवारी १९५१ ला पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले ते गोमतीकाठच्या छत्तर मंझिलमध्ये, नवाबांच्या राजवाड्यात. नंतर मी तो राजवाडा बाहेरून पाहिला. वर सोनेरी छत्री आहे. तिथे अनेक वर्षे मलेरियाच्या जंतूंवर काम चालले होते, हे सांगूनही खरे वाटत नाही.

ताई मोठ्यांशी बोलताना जरा जपून बोलते. तिने बाबांकडे वळून विचारले, "काका, तुमच्याकडे नर्सिंग असिस्टंटच्या पेटीत असतं का हो हे?"

बाबा तोपर्यंत पेपर वाचत होते. पेपर न काढता ते म्हणाले, "असतं. तीन दिवस टोचून घेतलंय. तेलाची सुई आहे, लई ठणकते."

आईचा हात पोळपाटावर थांबला.

मला इथे थोडे मागे जावे लागेल. मी सातवीत असताना आपल्या वार्षिक दिनाला क्रॉस कंट्रीचे पदक मिळणार होते. बाबांनी येतो म्हणून सांगितले होते. ते ईशान्येत होते, मिझोरामकडे. ते आले नाहीत. नुसते आले नाहीत असे नाही, तीन आठवडे त्यांचा फोनही नाही. रविवारी आईशी बोलायचो तेव्हा ती म्हणायची, "डोंगरात आहेत, रेंज नाही." नंतर बाबांनी फोनवर एवढेच सांगितले, "सुट्टी नाही मिळाली रं." बाकी मुलांचे बाबाही फौजेतच होते, आणि ते आले होते. मी तेव्हापासून बाबांशी कामापुरतेच बोलायचो. पदक दाखवलेही नाही. हे घरात कोणी कधी काढले नाही आणि मीही काढले नाही.

आईने हात धुतले, आतल्या खोलीत गेली आणि एक प्लास्टिकची फाइल घेऊन आली. मिलिटरी हॉस्पिटलचा डिस्चार्ज कागद होता. निदान: फाल्सिपेरम मलेरिया, मेंदूवर परिणाम. भरती झाल्याची तारीख ९ डिसेंबर. आपला वार्षिक दिन त्या वर्षी १२ डिसेंबरला होता.

बाबांनी सांगितले ते फार थोडे. पोस्टवर ताप चढला, दुसऱ्या दिवशी बोलणे असंबद्ध झाले. किटवर दोन रेघा आल्या. नर्सिंग असिस्टंटने पहिली सुई तिथेच दिली, आणि मग खाली आणले. "मधले दोन दिवस मला ठाऊकच नाहीत," ते म्हणाले. "तुझी परीक्षा होती पुढं. म्हणून हिला सांगितलं, काही बोलू नको." एवढे बोलून त्यांनी पेपर पुन्हा उचलला, पण पान उलटले नाही.

मला काय बोलावे ते सुचेना. मी तिसरा कागद पुढे ओढला आणि ताईला विचारले, यातली नेमकी कुठली दरी औषधाची आहे? सतराशे चाळीसची तर मोडूनच टाकली. मग मारते कोण?

ताई म्हणाली, प्रश्न बरोबर आहे. या रेणूत दोन ऑक्सिजन एकमेकांना थेट जोडलेले आहेत. खरे औषध तो बंध आहे, आणि तिन्ही कागदांवर तो जसाच्या तसा आहे. मलेरियाचा जंतू आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन खातो. त्यातून सुटलेले लोह या ऑक्सिजन-ऑक्सिजन बंधाला तोडते, आणि तुटल्यावर जे तुकडे होतात ते जंतूचीच मोडतोड करतात. औषध रक्तात असते तोवर गप्प असते. जिथे जंतू आहे तिथेच ते फुटते.

"दाखव ना तो बंध."

"तीच तर गंमत. तो नीट दिसत नाही." दोन्ही टोकांना ऑक्सिजनच, म्हणून भारात फरक फार थोडा, म्हणून दरी उथळ. शिवाय ती पडते नऊशेच्या खाली, जिथे सगळ्या रेणूची बारीकसारीक कंपने एकमेकांत मिसळलेली असतात. तिथली गर्दी प्रत्येक पदार्थाची वेगळी असते, बोटाच्या ठशासारखी. म्हणून बाटलीतले औषध तेच आहे ना, हे पाहताना आपल्या फार्माकोपियातल्या कसोटीत पूर्ण रेघ नमुन्याच्या रेघेवर ठेवून जुळवतात. आग्नेय आशियात मलेरियाच्या खोट्या गोळ्या विकल्या गेल्या, त्यात औषधच नव्हते. तसल्या गोळ्या ओळखायला ही रेघ उपयोगी पडते. आत काय आहे ते डब्यावरच्या छापावरून नाही, बंधांच्या हलण्यावरून कळते. बाबांना दिलेल्या सुईच्या बॅचचीही कुठेतरी कोणीतरी अशी रेघ काढून पाहिली असेल, असे मला तेव्हा वाटले. त्या माणसाला बाबांचे नाव माहीत नसणार.

रेघही फसवते, हेही ताईने सांगितले. पूर्वी पदार्थ पोटॅशियम ब्रोमाइडच्या भुकटीत दाबून त्याची काचेसारखी चकती करत, अजूनही करतात. हे मीठ हवेतले पाणी ओढते. लखनौच्या जुलैमध्ये तर विचारूच नका. मग आर्टीथरच्या कागदावर ३४०० ला ओ-एचचा खड्डा दिसतो आणि वाटते की प्रक्रिया अर्धवट राहिली. ताईने पहिल्या वर्षी असेच चार दिवस तेच काम पुन्हा पुन्हा केले. दोष तिच्या औषधात नव्हता, पावसात होता. तेव्हापासून ती चकती आधी गरम करून वाळवते आणि घाईने निष्कर्ष काढत नाही. हे ऐकताना मी डिस्चार्ज कागदाकडे पाहत होतो.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी सकाळी पाचला मी आणि बाबा छावणीच्या रस्त्याने पळायला गेलो. दिलकुशाच्या पडक्या कोठीपर्यंत गेलो आणि परत फिरलो. ते माझ्यापुढे होते. आजारानंतर त्यांचा डावा पाय लवकर दमतो असे आई म्हणते, पण मला तसे दिसले नाही. घरी आल्यावर मी बॅगेतून ते पदक काढले. सातवीपासून ते माझ्या ट्रंकेच्या तळाशी होते. बाबांनी ते हातात घेतले, मागची तारीख वाचली आणि विचारले, "किती मिनिटांत?"

"साडेचौदा. तीन किलोमीटर."

"बरं हाय," ते म्हणाले. मग एक्स्पांडरच्या सुटलेल्या स्प्रिंगा गोळा करून परत लावायला बसले.

तिसरा कागद ताईने मला दिला. तो मी डॉर्मिटरीतल्या कपाटाच्या दाराला आतून लावला आहे. मागच्या आठवड्यात इन्स्पेक्शनला हाउसमास्टर सरांनी विचारले, हा कसला ग्राफ? मी म्हटले, सर, हे बाबांचे औषध. त्यांनी थांबून सगळे विचारले, आणि मी सगळे सांगितले. स्प्रिंग, शेंगदाण्याचे तेल, छत्तर मंझिलही. शेवटी ते म्हणाले, मग तो ऑक्सिजन-ऑक्सिजनचा बंध कुठे आहे ते दाखव. मी नऊशेच्या खालच्या गर्दीवर बोट ठेवले. त्यातली नेमकी कुठली, ते मला अजून सांगता येत नाही.